मुंगीचे केस कुठे गेले?

केस विंचरता विंचरता आईचा हात थांबला, हे मुंगीच्या लगेच लक्षात आलं.

"काय गं, ऊ सापडली?"

"नाही," आई म्हणाली, पण फणी तशीच हवेत. उजव्या कानाच्या वर शर्टाच्या बटणाएवढी जागा अगदी गुळगुळीत होती. जखम नाही, पुरळ नाही. केस म्हणून तिथे कधी नव्हतेच, अशी.

मुंगी साडेचार वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि हातपाय नुसत्या काड्या. तेव्हाच हे नाव पडलं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सीलिॲक असल्याचं सांगितलं होतं. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. उपाय एकच, गहू कायमचा बंद. तेव्हापासून घरात गव्हाचा कण शिरला नव्हता आणि मुंगी छान बाळसं धरत होती.

तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यांनी डोळ्याला भिंग लावून ती जागा पाहिली.

"मलापण बघायचंय," मुंगी म्हणाली.

स्वतःच्या डोक्याची बाजू स्वतःला दिसत नाही, हा शोध तिला नवाच होता. बाबांनी दोन आरसे धरले. तिने मान तिरकी करून बराच वेळ निरखलं.

"इथले केस कुठे गेले?"

"माहीत नाही."

"मग शोधू या ना!"

पंधरा दिवसांत आणखी दोन जागा मोकळ्या झाल्या. एक मानेवर, एक डाव्या कानामागे. रोज संध्याकाळी मुंगीला बागेत नेणारे तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, बघताक्षणी म्हणाले, "ही तर चाई."

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. "शरीर केसांच्या मुळांनाच परकं समजतं. सीलिॲक असलेल्या काही मुलांना होतं हे. आपण रक्त तपासू."

रिपोर्ट आला तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली. "सीलिॲकचा आकडा वर गेलाय. चाईचं कारण हेच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण गहू कुठूनतरी पोटात जातोय, हे नक्की."

"शक्यच नाही," आई म्हणाली.

"शक्य आहे म्हणून तर आकडा वर गेलाय," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांनी स्वयंपाकघर उपसायला घेतलं. मसाल्यांच्या पुड्या, सॉसची बाटली, खोकल्याचं औषध, सगळ्यांवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. मुंगी शेजारी बसून प्रत्येक डबा हुंगत होती. "यात नाही," ती गंभीरपणे जाहीर करायची. खरंच कशातच नव्हतं.

उरले आजोबा. त्यांच्या कोटाच्या खिशात पूर्वी कायम बिस्किटाचा पुडा असे, हे बाबांना ठाऊक होतं.

"राग मानू नका," ते सासऱ्यांना म्हणाले, "पण पोरीनं हट्ट केला म्हणून कधी एखादं..."

आजोबांनी दोन्ही खिसे टेबलावर उलटे केले. चष्म्याचं घर, किल्ली, रुमाल. "ज्या दिवशी तिचं दुखणं कळलं, त्या दिवसापासून मी बिस्किटाला शिवलो नाही," एवढंच बोलून ते गेले. चार दिवस फिरकले नाहीत. आईनेही बाबांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

आता एकच जागा राहिली होती, बालवाडी. बाईंची परवानगी काढून बाबा एका सकाळी तिथे गेले आणि वीतभर उंचीच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला टेकवून बसले. मधल्या सुट्टीत मुंगीने स्वतःचाच डबा खाल्ला. बाई तर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होत्या. कुणाच्या डब्यातला घास इकडचा तिकडे झाला नाही.

मग बाईंनी खेळायला मातीसारखे मऊ रंगीत गोळे वाटले. मुंगीने हिरव्या गोळ्याचा साप वळला, इकडेतिकडे पाहिलं आणि सापाची शेपटी हळूच चाटली.

बाबा ताडकन उठले. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. पोरं खिदळली.

"मुंगे, हे खातेस तू?"

"खात नाही. चाखते. हिरवा जास्त खारट लागतो."

"कशाचा बनवता हा?" त्यांनी बाईंना विचारलं.

"मीच मळते घरी," बाई कौतुकाने म्हणाल्या. "मैदा, मीठ, थोडं तेल..." आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. "अहो, मैदा म्हणजे गहूच की! डब्याकडे एवढं लक्ष ठेवलं, आणि हे मात्र मीच रोज तिच्या हातात देत होते." त्यांचे डोळे भरून आले.

"आम्हालाही कुठे सुचलं?" बाबा म्हणाले.

घरी न जाता ते थेट सासऱ्यांच्या दारात उभे राहिले. "चुकलं माझं."

आजोबांनी त्यांना थोडा वेळ तसंच उभं ठेवलं. मग विचारलं, "सापडलं का?"

"सापडलं. खेळण्याच्या गोळ्यात."

"गोळ्यात?" आजोबांचा राग कुतूहलापुढे टिकला नाही. "आत या, नीट सांगा."

बाई आता तांदळाच्या पिठाचा गोळा मळू लागल्या. त्याला चिरा पडायच्या, साप मध्येच तुटायचे. पोरांनी मग सापांऐवजी मगरी करायला घेतल्या.

सहा महिन्यांनी आकडा खाली आला. केस परत येतीलच, असं वचन डॉक्टरीणबाईंनी दिलं नव्हतं. पण कानावरच्या जागेत लव उगवली, आणि तीही पांढरी.

"मी म्हातारी होतेय?" मुंगीने विचारलं.

"नाही गं. आधी केस येतो, रंग मागाहून," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

मानेवरही लव आली. डाव्या कानामागची जागा मात्र अजून कोरीच होती. आई त्या जागेवर केस ओढून घ्यायची आणि बालवाडीत पोचताच मुंगी ते मागे सारायची. मुलांना तिथे हात लावून बघायचा असायचा, आणि तिची हरकत नसे.

"एकेकानं," ती बजावायची, "आणि गुदगुल्या करायच्या नाहीत."