उशिरा वळणारी चाकं

झहरानच्या मेंदूत गुठळी झाली तेव्हा त्याचा उजवा हात लुळा पडला होता. रमजान उलटेपर्यंत बोटं नीट हलायला लागली. हात बरा झालाय, कामावर जायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण माझा नवरा ते मानेना. कारण काय, तर त्याचा रिमोटवरचा ट्रक.

शुक्रवारी दुपारी आम्ही सूर शहराबाहेरच्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, जातो. झहरान आणि त्याचा चुलतभाऊ खलफान तिथे दगडगोट्यांतून आपापले ट्रक चढवतात. आजारानंतर पहिल्यांदा गेलो, तेव्हा झहरानचा ट्रक एका साध्या वळणावर दगडाला धडकला. पुन्हा धडकला. रिमोटचं चाक फिरवलं तरी ट्रक रेंगाळून वळत होता. झहरानने तो उचलून हवेत धरला आणि रिमोट फिरवला. पुढची चाकं झटकन वळली.

"ट्रक चांगला आहे," तो म्हणाला. "हात हळू झालाय."

त्यानंतर तो घरात रबरी चेंडू दाबत बसायचा. बोलणं कमी झालं. खोदकामाचं अवजड यंत्र चालवणारा माणूस तो, खाली माणसं उभी असतात. एका शुक्रवारी वादीकडे जाताना गाडीत म्हणाला, "मझ्ना, रविवारी कामावर जाऊन सांगतो, माझ्या जागी दुसरा माणूस बघा. कुणी माझ्या यंत्राखाली आलं तर?"



त्या दिवशीही ट्रक धडकला. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली तसा झहरान रिमोट चटईवर टाकून खलफानबरोबर वजूसाठी हातपाय-तोंड धुवायला गेला. माझा नमाज आधी आटोपला. रिमोट समोरच होता. इतक्या वर्षांत मी कधी हात लावला नव्हता. उचलला, ट्रक सावकाश सोडला, वळणाच्या बरंच आधी चाक फिरवलं. ट्रक सरळ गेला आणि त्याच दगडावर आपटला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"अबू गैथ!" आमच्या मुलाच्या नावाने, गैथचा बाप म्हणून, मी झहरानला ओरडून हाक मारली. "इकडे ये आधी!"

"मोडलास का?" तो धावतच आला.

"माझ्या हातूनही उशिराच वळतोय. माझ्या मेंदूत काही गुठळी नाही ना?"

"तुला चालवता येत नाही."

"मग खलफानला दे."

खलफानने चालवून पाहिला. दगड. ट्रक मांडीवर घेऊन त्याने पुढची दोन्ही चाकं मुठीत घट्ट धरली. "आता फिरव, उम्म गैथ," गैथची आई म्हणून तो मला म्हणाला.

मी फिरवलं. आत चाकं वळवणारी छोटी मोटर गुरगुरली, तिचा दांडा पूर्ण फिरला, पण चाकं हलली नाहीत.

"हे बघ," खलफान म्हणाला. "मोटरला धक्का लागू नये म्हणून मध्ये स्प्रिंग असते. ती सैल झालीय. हवेत चाकांना अडवणारं कोण आहे? जमिनीवर वाळू अडवते, मग सगळा जोर स्प्रिंगच खाते. हिवाळ्यात कड्यावरून तोंडावर पडला होता ना हा?"

झहरान त्या दांड्याकडे बघत राहिला. मग पाना मागून घेतला. सांध्यांत वाळलेला चिखल त्याने ब्रशने खरवडला, चाकं बोटाने सहज हलतात का ते पाहिलं आणि स्प्रिंगचा नट आवळला.

"फार नको," खलफान म्हणाला. "थोडी लवचीक राहू दे, नाहीतर मोटरच्या गिअरचे दात तुटतील."

ट्रक निघाला, वळणावर आला आणि दगडाला वळसा घालून वर चढला.

झहरानने ट्रक वरच थांबवला. "दोष हाताचा नव्हता तर," तो म्हणाला.

"नव्हता," मी म्हणाले.

"इतके दिवस ट्रक सोडून स्वतःलाच दुरुस्त करत बसला होता, वेडा!" खलफान हसला.

झहरानही हसला, डोळे पुसतच. "रविवारी कामाचा डबा दे गं," तो मला म्हणाला आणि ट्रकच्या मागे निघाला.

मी कॉफी ओतली. ती गार झाली तरी त्याला हाक मारली नाही.