राहून गेलेले दोन शब्द

वाद्यवृंदाच्या कचेरीत नक्कलनवीस बाईंना सगळे नुसतं बाई म्हणत. संगीतकाराच्या जाडजूड हस्तलिखितातून प्रत्येक वाद्याचे सूर वेगळे काढायचे आणि ज्याच्या त्याच्या वहीत उतरवायचे, हे त्यांचं काम. इटालियनचं एक वाक्य त्यांना धड बोलता यायचं नाही. पण आलेग्रो, दोल्चे, पियानिस्सिमो हे वाजवणाऱ्यांसाठीच्या सूचनांचे शब्द बोटांत मुरलेले. एकतीस वर्षांत त्यांच्या वह्यांत एक चूक सापडली नव्हती, आणि हे त्या कुणालाही, न विचारता सांगत. सांगू देत की. एवढं काम केलंय, तर मिरवायला कुणाची चोरी आहे?

यंदा हस्तलिखित आलं ते पोटच्या पोरीचं. तिची पहिलीच मोठी रचना. बाईंचा ऊर भरून आला, पण बाविसाव्या पानावर हात थबकला. तिथे व्हायोलिनवाल्यांना 'कॉन सॉर्दिनो' सांगितलेलं, म्हणजे तारांखालच्या घोडीवर रबराची टोपी बसवून आवाज दबवा. पुढे टोपी काढायला सांगणारं 'सेन्झा सॉर्दिनो' मात्र कुठेच नाही. आणि शेवटी तर फोर्टिस्सिमो, सगळ्यांनी जीव तोडून वाजवायचं.

"अगं, टोपी काढायचं राहिलंय का?" बाईंनी विचारलं.

"आई, तू फक्त उतरवून काढ. माझ्या कागदात नाक खुपसू नकोस," लेक म्हणाली.

बाईंच्या नाकाला मिरची झोंबली. पण नक्कलनवीसाने पदरचा शब्द घालायचा नाही, हा धंद्याचा नियम. म्हणाल्या, बरं बाई, तुझंच खरं. आणि होतं तसं उतरवलं.

तालमीत चौदा व्हायोलिनं, दोघांत एक वही आणि एक स्टँड, टोप्या घालूनच शेवटापर्यंत पोचली. जिथे छत उडायला हवं, तिथे तोंडावर उशी धरून ओरडल्यासारखा आवाज आला. कंडक्टरने छडी खाली ठेवली. माणूस तिखट. मागच्याच महिन्यात त्याने एका नवख्याची रचना, आधी लिहायला शिका म्हणून, पहिल्याच तालमीत परत पाठवली होती. कंडक्टरपुढची वहीही बाईंच्याच हातची, मूळ हस्तलिखित त्याने पाहिलेलं नव्हतं.

"बाई, 'सेन्झा सॉर्दिनो' कुठे गेलं?"

बाईंनी मागच्या रांगेत बसलेल्या लेकीकडे पाहिलंही नाही. "माझ्याकडून राहिलं," त्या म्हणाल्या.

एकतीस वर्षं एका वाक्यात पाण्यात गेली. "चला, बाईसुद्धा माणूसच निघाल्या," कुणीतरी म्हणालं आणि चारजण हसले. बाईंचे कान तापले. त्या तशाच ताठ उभ्या राहिल्या.

"आईकडून नाही राहिलं." लेक मागून चालत पुढे आली. "माझ्याकडून राहिलं. तिने मला विचारलं होतं. मीच तिला गप्प बसवलं."

आता कंडक्टर हीही रचना परत पाठवतोय की काय, असं बाईंना वाटलं.

"मग स्वतःच्या हाताने लिहा," तो म्हणाला. "सातही स्टँडवर. दहा मिनिटं देतो."

लेक पेन्सिल घेऊन एकेका स्टँडशी वाकली. तिसऱ्या स्टँडवरच्या म्हाताऱ्याने आपल्या गजाने स्टँडवर हलकेच टकटक केलं. वादकांची शाबासकी देण्याची ती रीत. मग बाकीच्यांनीही केलं. आणि पुन्हा वाजवलं तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

कार्यक्रम संपला की वह्यांतलं पेन्सिलीचं लिखाण रबराने पुसायचं आणि वह्या कपाटात लावायच्या, हेही बाईंचंच काम. त्या सात वह्यांत लेकीने अक्षर काढलंय ते अगदी कोंबडीचे पाय. ते बाईंनी पुसलं नाही. वर, कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला ते पान उघडून दाखवतात.

"हे माझ्या पोरीने लिहिलंय," म्हणतात, "सगळ्यांसमोर."