शुद्ध पाण्याची बाटली

कारखान्यातून निसटलेले प्लास्टिकचे बारीक कण तळ्यात साचले होते आणि त्यांच्यातलं रसायन पाण्यात उतरत होतं, हे प्रयोगशाळेच्या प्रमुखाला पक्कं ठाऊक होतं. तपासणीचा नियम असा, की सोबत शुद्ध पाणीही तपासायचं आणि त्यात जे सापडेल ते भांड्या-उपकरणांतून आलेलं धरून तळ्याच्या आकड्यातून वजा करायचं. पण गडी महा बेरकी. त्याने शुद्ध पाणी काचेऐवजी प्लास्टिकच्या बाटलीत भरलं आणि खिडकीत उन्हात तापत ठेवलं. तेच रसायन त्यातही उतरलं. वजाबाकी झाली, तळं स्वच्छ ठरलं आणि कारखान्याच्या मालकाने त्याची पाठ थोपटली.

संध्याकाळी तळ्याकाठी राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, लोक काहीबाही सांगून घाबरवतात रे. मला सातवा महिना लागलाय. हे पाणी पिऊ ना?"

खरं सांगितलं तर ही बया गावभर बोभाटा करणार.

"अगं, मी स्वतः तपासलंय. खुशाल पी."

"तू आहेस म्हणून जिवाला घोर नाही बघ."

फोन ठेवून तो बाटलीतलं उरलेलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतायला गेला आणि थबकला. गुलाबाला नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. त्याने ते पाणी मोरीत ओतलं.