मागून कोणी आलं नाही

आगगाडीचा डबा बोटीच्या पोटात शिरू लागला तसा वेनेराने खिडकीचा पडदा खाली ओढला. तो अर्ध्यावर अडकला. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, तर हातातून सुटून सर्रकन पुन्हा वर गेला.

"पडदा लावून काय होणार?" समोर बसलेला चिरीनो म्हणाला. "बाहेर बघ, आपल्याच गाडीचे मागचे डबे शेजारी आणून लावतायत. ते काय तुझ्या बाबांना जाऊन सांगणार आहेत?"

"डब्यांत माणसं असतात."

"असतात ना. आणि ती सगळी आत्ता वर खायला पळणार. बघच तू, जरा वेळात इथे चिटपाखरू उरणार नाही."

वेनेराने पडदा पुन्हा ओढला आणि या वेळी त्याचं टोक मुठीत धरूनच बसली. बाहेर साखळ्या खळखळल्या. बोटीवरचे कामगार डब्यांची चाकं जखडत होते. डब्यातले दिवे मंद झाले आणि तेलाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास एकदमच आत आला.

वेनेराच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मांडीवर टोपली घेऊन, काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बसली होती. ती जार्रे स्टेशनवर चढली होती आणि तेव्हापासून या दोघांकडे टक लावून बघत होती. आता तिला राहवेना.

"नवे कोरे बूट, दोघांत मिळून एक बॅग, आणि पडद्याशी मारामारी," ती म्हणाली. "कधी पळालात रे?"

वेनेरा कानापर्यंत लाल झाली.

"आज दुपारी, आजी!" चिरीनोने बक्षीस मिळाल्यासारखं सांगून टाकलं.

"बरं केलंत. दुपारी गर्दी कमी असते."

अचिरेआलेत, त्यांच्या गावात, असं पळून जाणं कोणाला नवं नव्हतं. मुलगा आणि मुलगी एक रात्र घराबाहेर काढायचे. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं मान खाली घालून पाद्र्याकडे जायची आणि मग भल्या पहाटे, चर्चच्या बाजूच्या दाराने आत घेऊन, लग्न उरकलं जायचं. पांढरा पोशाख नाही, वाजंत्री नाही, पण लग्न ते लग्नच. वेनेराच्या बाबांनी "दोन वर्षं थांबा" असं सांगितलं होतं. चिरीनोला मात्र सप्टेंबरात दूर उत्तरेत, तुरीनच्या मोटारींच्या कारखान्यात रुजू व्हायचं होतं, आणि एकोणीस वर्षांच्या वेनेराला बरोबर घेऊनच. म्हणून हा बेत. एकदा ही गाडी पलीकडच्या किनाऱ्यावर उतरली आणि पाओला गावात चिरीनोच्या आत्याकडे रात्र झाली, की कोणाच्या बापाचं काही चालणार नव्हतं. पण मध्ये हे एवढं पाणी होतं. आणि या पाण्यावर लेत्तेरियोमामा होते.

लेत्तेरियोमामा म्हणजे वेनेराच्या आईचे चुलतभाऊ. या बोटींवरच्या खानावळीत ते वर्षानुवर्षं काउंटरमागे उभे असत.

"मी चौकशी केलीय," चिरीनो दहाव्यांदा म्हणाला. "या आठवड्यात ते दुसऱ्या बोटीवर आहेत."

"कोणाकडे केलीस चौकशी?"

"बंदरावरच्या माणसाकडे."

"कोणत्या माणसाकडे?"

"अगं, माणूस होता एक! तू मला विचारतेस? आणि स्वतः काय केलंस? मागच्या गल्लीने ये म्हणून सांगितलं, तर बाईसाहेब भर चौकातून आल्या. वर न्हाव्याच्या दुकानाशी थांबून त्याला नमस्कारसुद्धा!"

"त्याने हाक मारली."

"त्याने नाही मारली. तू मारलीस. मी कोपऱ्यावरून बघत होतो."

पडद्याचं टोक वेनेराने बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

बोट हलली. इथे खाली ते दिसत नव्हतं, नुसतं बाकाच्या फळीतून कळत होतं. चिरीनो उठला.

"मला भूक लागलीय. वरून गरमागरम आरांचीनी आणतो, दोघांना."

"नको जाऊ."

"उपाशी पळायचं कुठे लिहिलंय? आलोच."

म्हातारीही टोपली घेऊन निघाली. दारात थांबून म्हणाली, "चल की वर. भाताचा गोळा थंड झाला की दगड होतो." वेनेराने मान हलवली. दोघांची पावलं लोखंडी जिन्यावर वाजत वर गेली.

मग खरंच चिटपाखरू उरलं नाही. पडद्याच्या फटीतून शेजारचा डबा दिसत होता, इतका जवळ की हात लांब केला तर काच लागावी. रिकाम्या बाकावर कोणाची तरी टोपी होती आणि ती इंजिनाच्या थरथरीने हळूहळू कडेला सरकत होती. वेनेरा त्या टोपीकडे बघत राहिली. टोपी पडली तरी चिरीनो आला नाही.

तिने मनात वरचा सगळा प्रकार बघून घेतला. मामांनी चिरीनोची कॉलर धरलीय. कप्तानाला बोलावलंय. पलीकडच्या धक्क्यावर बाबा उभे आहेत, लिंबं तोडायची कात्री अजून हातातच, मागे दोघे भाऊ. अरे, पण ते आपल्याआधी पलीकडे पोचतील कसे? हे तिच्या ध्यानात आलं, तरी कात्री काही नजरेसमोरून हलेना. ती उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. शेवटी डब्यातून उतरली आणि डब्यांच्या दोन रांगांमधल्या चिंचोळ्या वाटेने, अंग चोरत, जिन्याकडे धावली.

वर एकदम ऊन. तिने डोळ्यांवर हात धरला. खानावळीच्या काउंटरपाशी चिरीनो उभा होता, तोंड भरलेलं, हनुवटीला भाताचं शीत. त्याची कॉलर कोणी धरली नव्हती. उलट काउंटरमागून लेत्तेरियोमामा त्याच्या पेल्यात मोसंबीचा रस ओतत होते.

"घ्या, जावईबापू, लाजू नका," ते म्हणत होते. मग त्यांची नजर वळली. "आलीस? संपली का लपाछपी?"

वेनेरा होती तिथेच उभी राहिली. मामांनी चिमट्याने कढईतला एक आरांचीनो, भाताचा तळलेला गोळा, उचलला, कागदात गुंडाळला आणि काउंटरवरून वाकून तिच्या हातात ठेवला.

"आधी खा. ताईचा बंदरावर फोन आला होता. म्हणाली, पोरीने सकाळपासून काही खाल्लं नाहीये. तिच्या हातात गरम काहीतरी दे."

"आईचा फोन?"

"मग? दुसरी कोणती ताई आहे मला?"

"आईला माहितीये?"

"आईला, आजीला, शेजारच्या कार्मेलाकाकूला. एवढ्या जोरात दार आपटून गेलीस की आजीला झोपेचं सोंग निभावता येईना. आणि चौकातून काय गेलीस! ताईने डोक्याला हात लावला. म्हणाली, ही पकडली जाते की काय आता, सगळं मुसळ केरात."

चिरीनो खो खो हसला. वेनेराच्या हातातला कागद तेलाने ओला होऊ लागला होता.

"आणि बाबा?"

"दाजी? ते बिचारे दुपारपासून बागेत बसून आहेत, दोन्ही पोरांना घेऊन पत्ते कुटत. तुमची गाडी सुटल्याशिवाय घरी पाऊल टाकायचं नाही, अशी ताईची ताकीद." मामांनी फडका खांद्यावर टाकला. "अगं, 'थांबा' असं तेच म्हणाले होते ना? मग आता स्वतःच्या तोंडाने 'हो' कसं म्हणणार? त्यापेक्षा पळालेले बरे. आता संध्याकाळी घरी येतील, अंगणात उभे राहून ओरडतील. काय ओरडायचं ते पाठ करून ठेवलंय. 'मला मुलगी नाही' हे दोनदा म्हणायचं ठरलंय. तिसऱ्यांदा नको म्हणाली ताई, शेजाऱ्यांना खरं वाटायचं."

दुसरं गिऱ्हाईक आलं आणि मामा कॉफीच्या यंत्राकडे वळले.

वेनेरा कठड्यापाशी गेली. मागे मेस्सिना लहान होत चाललं होतं, बंदराच्या टोकाशी खांबावरची सोनेरी मेरीमाता उन्हात चमकत होती. तलवारमाशांच्या शिकारीची एक होडी लांबवर थांबली होती, तिच्या उंच डोलकाठीवरचा माणूस पाण्यात बघत होता. बाकी सगळं पाणी मोकळं. वेनेराने डावीकडून उजवीकडे ते पूर्ण बघितलं, मग उजवीकडून डावीकडे. बोटीमागची फेसाची रेघ सरळ होती आणि तिच्यावरून कोणीही येत नव्हतं.

"अगं, खा ना," चिरीनो शेजारी येऊन म्हणाला. तो नुसता उजळून निघाला होता. "ऐकलंस का सगळं? मी उगाच घाबरत होतो! तुला सांगतो, वेनेरा, रात्रभर झोपलो नव्हतो मी. आणि हे सगळे पत्ते खेळतायत!" त्याने कठड्यावर थाप मारली. "तुरीनच्या खोलीला खिडकी आहे, सांगितलं ना? आणि तो तुमचा कागदाच्या लगद्याचे मुखवटे बनवायचा कारखाना सुटला एकदाचा. नखांतला रंग तरी जाईल तुझ्या."

वेनेराने नखं मुठीत घेतली.

"मला सारखं वाटत होतं, कोणीतरी येईल," ती म्हणाली.

"हो ना! आणि आता कोणीच येणार नाही."

तो मनापासून आनंदाने म्हणाला. वेनेराने त्याच्याकडे नीट बघितलं, हनुवटीवरच्या त्या शीतासकट. मग रुमाल काढून ते शीत पुसलं.

भोंगा वाजला. गाडीच्या प्रवाशांनी आपापल्या डब्यात जावं असं कर्ण्यातून कोणीतरी कंटाळलेल्या आवाजात सांगितलं. काउंटरमागून मामांनी हात हलवला. म्हातारी जिन्याच्या तोंडाशी दोघांना वाट देऊन म्हणाली, "उतरा तुम्ही पुढे, माझे गुडघे सावकाश येतील." लोकांच्या रेट्यात दोघं खाली आले. बोटीचं तोंड उघडलं होतं आणि पलीकडच्या किनाऱ्याचा उजेड रुळांवरून आत सरपटत आला होता. कामगार साखळ्या सोडत होते. म्हातारीही आली आणि चिरीनोने तिला धरून वर चढवलं. मग तो स्वतः चढला, वळला, हात पुढे केला.

"दे हात."

वेनेरा खालीच उभी होती. आरांचीनो अजून तिच्या हातात होता, न खाल्लेला.

"चिरीनो, मी याच बोटीने परत जाते."

"का? काय विसरलीस?"

"काही नाही."

"मग?"

"पुढच्या कार्निव्हलच्या रथाचा मोठा मुखवटा आहे ना, त्याचे डोळे मला रंगवायला दिलेत. एकटीला."

"कसले डोळे?" तो वाकून बघू लागला, जणू उत्तर तिच्या बुटांवर पडलं होतं. "कधी दिले?"

"ईस्टरच्या सुमारास."

"मला नाही बोललीस."

"नाही बोलले."

मागून एक शिट्टी झाली. तिला पुढच्या डब्याकडून उत्तर मिळालं.

"आता?" चिरीनोचा आवाज चिरकला. "अगं, सगळे तयार झाले आता! तुझे बाबा तिकडे पाठ करून बसलेत!"

"माहितीये."

"मग त्यांना काय सांगणार तू?"

वेनेराने आरांचीनोवरचा कागद घट्ट आवळला. बाबा खरंच ओरडतील, आईला तोंड लपवावं लागेल, न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे विचारतील, आणि एकालाही ठरलेलं वाक्य बोलता येणार नाही.

"तुझा राग मी समजून घेईन," ती शेवटी म्हणाली. "तू लिही मला. वाटलं तर."

"ए पोरी!" एका कामगाराने हाळी दिली. "चढायचं तर चढ, नाहीतर मागे हो! गाडी ओढतायत!"

ती मागे झाली. पाठीला बोटीची थंड भिंत लागली.

डब्याला हिसका बसला. चिरीनोचा हात अजून पुढेच होता, मग त्याच हाताने त्याने दाराची दांडी धरली. खिडकीतून म्हातारीने वेनेराकडे बघितलं. तिला ना हात केला, ना मान हलवली, नुसती टोपली मांडीवरून उचलून शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. डबा पुढे गेला, उन्हात गेला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. शेजारच्या रुळावरचे डबेही एकेक करून निघाले, चाकं जोडावर ठकठक वाजत राहिली आणि बोटीच्या पोटात हळूहळू उजेड मावेनासा झाला.

शेवटचा डबा उतरला तेव्हा पायाखालची जमीन टीचभर वर उचलली गेली. वेनेराचा तोल गेला. तिने भिंतीचा आधार सोडला, पाय जरा फाकवले, आणि बोट स्थिर होईपर्यंत तशीच उभी राहिली.