बॉनेटवरची वर्तुळं

उन्मेषची गाडी गडद निळी आहे आणि गडद रंगावर सगळं दिसतं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी तो आणि सूनबाई आग्र्याहून परतले, तेव्हा एक्सप्रेसवेवरचे किडे बॉनेटवर चिकटून वाळले होते. पावसाळा सरता सरता तिकडे दिवेलागणीला किड्यांचे थवे उठतात. जेवताना उन्मेष म्हणाला, सकाळी किशनपाल पुसेल. किशनपाल आमच्या गाझियाबादच्या सोसायटीतल्या बावीस गाड्या रोज पुसतो. त्याचं घर त्यावरच चालतं.

मी कऱ्हाडला कॉलेजात ग्रंथपाल होतो. पत्नी गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, इथे मुलाकडे आलो. गाडीबरोबर मिळालेलं जाडजूड माहितीपुस्तक घरात फक्त मी वाचलं आहे. वाळलेले किडे खरवडायचे नाहीत, गाडी सावलीत हवी, ओलं मऊ फडकं त्यांच्यावर दहा मिनिटं अंथरायचं, मग अलगद टिपून घ्यायचे, उरले तर पुन्हा भिजवायचं. मला हे पाठ होतं. आदल्याच आठवड्यात उन्मेष म्हणाला होता की मी दिवसभर पुस्तकात असतो, माझा घराला काही उपयोग नाही. ते लागलं होतं म्हणून मी हे केलं, असं म्हणणं कदाचित सबब ठरेल. पण सोमवारी साडेपाचला मी बादली घेऊन खाली गेलो, हे खरं.

फडकं म्हणून माझ्या जुन्या धोतराचा तुकडा घेतला. त्याहून मऊ कापड घरात नव्हतं. पुस्तकाबरहुकूम भिजवलं, थांबलो. बहुतेक किडे फडकं उचलताच निघून आले. मधोमध चारपाच डाग राहिले. तिथे मला धीर धरवला नाही. बोटं फडक्यात गुंडाळून मी ते गोल गोल घासले, देवाचं ताम्हन घासतो तसे. देवाची भांडी दोन वर्षं मीच घासतो, हाताला तेच वळण पडलं आहे. शिवाय तो तुकडा चार दिवस बाल्कनीत पडून होता आणि समोर तीस मजली इमारत उभी राहते आहे. तिची रेती आमच्या चहाच्या कपातसुद्धा सापडते. फडक्यात ती असणारच, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

साडेसहाला किशनपाल येऊन नेहमीसारखा गाडीवरून फडकं मारून गेला. आठ वाजता बॉनेटवर ऊन आलं आणि ओरखड्यांची सगळी वर्तुळं चमकायला लागली. उन्मेषने खालूनच त्याला हाका मारायला सुरुवात केली. मी बाल्कनीत उभा होतो. उन्मेष त्याला गाढव म्हणाला, आंधळा म्हणाला, आणखी काय काय म्हणाला. किशनपाल शपथा घेत होता. शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं पाहत होती. मी तेव्हाच खाली जायला हवं होतं. चप्पल घातली, दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

उन्मेषने बॉनेटचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत तीन घरांनी किशनपालला आपल्या गाडीला हात लावायचा नाही असं कळवलं. मंगळवारी संध्याकाळी सोसायटीच्या सचिव विजयालक्ष्मी मॅडम पार्किंगमध्ये आल्या, त्याचा गेटपास परत घ्यायला. पास गेला म्हणजे उरलेल्या एकोणीस गाड्याही गेल्या. मी उन्मेषच्या मागोमाग खाली उतरलो.

किशनपाल पास हातात घट्ट धरून उभा होता. मॅडमनी हात पुढे केला होता.

"उन्मेष," मी म्हणालो, "ते मी केलंय. सोमवारी पहाटे. माझ्या धोतराच्या फडक्याने."

आमचं घरातलं बोलणं मराठीत आणि दाराबाहेरचं हिंदीत. त्या दोघांना एक अक्षर कळलं नाही. उन्मेषला कळलं. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग कठोर झाला.

"बाबा, आता नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "मी ग्रुपवर लिहून बसलोय. माझी काय इज्जत राहील? तुम्ही वर जा."

मॅडमनी विचारलं, अंकल काय म्हणताहेत?

"पापा भी यही कह रहे हैं," उन्मेष म्हणाला. "इसका कपड़ा गंदा था."

माझी हिंदी पुस्तकी आहे. भाजीवाला हसतो म्हणून मी बाजारातही बोट दाखवून भाजी घेतो. पण आता माझ्या नावावर एक वाक्य बोललं गेलं होतं आणि मॅडमची बोटं पासवर टेकली होती.

"नहीं," मी म्हणालो. "यह दोष मेरा है. मैंने घिसा. ऐसे." आणि बॉनेटवर हात फिरवून दाखवला. गोल, गोल. वर्तुळं माझ्या हाताच्या मापाची होती. किशनपाल पुसतो ते काचेपासून खाली, सरळ पट्ट्यांत.

मॅडमनी एकदा बॉनेटकडे, एकदा उन्मेषकडे पाहिलं. उन्मेष मोबाइल बघत होता. त्यांनी हात मागे घेतला आणि ही सोसायटी आहे की तमाशा, असं काहीसं पुटपुटत लिफ्टकडे गेल्या.

मला वाटलं, किशनपालला हायसं वाटेल. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"कल आप ऊपर खड़े थे, बाबूजी. मैंने देखा था. बच्चों के सामने मुझे गाली पड़ रही थी और आप देख रहे थे."

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही, चुकीचेच असतील.

"माफी का मैं क्या करूँ? तीन घर छूट गए. उनको कौन बताएगा?"

"मी ग्रुपवर काही टाकणार नाही," उन्मेष मराठीत म्हणाला. "आणि बाबा, तुम्ही लोकांच्या दारात गेलात, तर मग माझ्याशी बोलायचं नाही. आधीच सांगतोय."

तो लिफ्टने वर गेला. मी जिन्याने निघालो, कारण लिफ्टमध्ये त्याच्या शेजारी उभं राहणं मला जमलं नसतं. किशनपाल मागून येत होता. पहिलं घर चौथ्या मजल्यावर होतं. तिथल्या माणसांशी मी दोन वर्षांत कधी बोललो नव्हतो. दारापाशी पोचल्यावर मी वाक्य मनात जुळवू लागलो, दोष की गलती, मेरा की मेरी. किशनपालने माझ्या खांद्यावरून हात घालून बेल दाबली.

दार उघडलं. हातात टीव्हीचा रिमोट घेतलेल्या एका बाईंनी आधी त्याच्याकडे पाहून कपाळाला आठी घातली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बोलिए," किशनपाल माझ्या मागून म्हणाला.