शंभर मीटरच्या आत

माझ्या नवऱ्याला जाळायला कुणाची परवानगी लागली नाही. त्याच्या विजारीला लागली.

बोंगमान फेब्रुवारीत गेला. शहरातल्या दाहिनीत त्याला नेलं, दोन तासांत राख हातात दिली आणि वर पावतीही दिली. तिथल्या माणसाने आधीच बजावलं होतं, "पेटीत कपडे ठेवू नका आजी, धूर होतो." म्हणून कपडे घरी राहिले. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे एकोणपन्नासाव्या दिवशी जाळतात. त्या दिवशी तो इथलं सगळं सोडून कायमचा निघतो, आणि निघताना अंगावर काहीतरी असावं. देवळात त्यासाठी भट्टी होती, पण देऊळ पडलं रानात, म्हणून पालिकेने दोन वर्षांपूर्वी तिला कुलूप लावलं. भिक्खू मला म्हणाला, मनात जाळा. मनात जाळून भागत असतं तर मी आजवर भातही मनातच शिजवला असता.

बोंगमान काही मोठा माणूस नव्हता. आळशी होता. तिळाच्या शेतात मी वाकलेली असायची आणि हा बांधावर बसून ढग कुठे चाललेत ते सांगायचा. पण त्याला आळशी म्हणायचा हक्क माझा, शेहेचाळीस वर्षं त्याच्या वाटणीचं राबून मिळवलेला. तो मी कुणाला वापरू देत नाही.

शेवटची नऊ वर्षं मात्र त्याला नोकरी होती. दर वसंतात पालिका वणव्याचा राखणदार नेमते. लाल जाकीट, एक कर्णा आणि एक वही मिळते. मोपेडवरून गावागावात फिरायचं, कुठे धूर दिसला तर पळत जायचं आणि संध्याकाळी वहीत लिहायचं. तो दुपारभर तलावाकाठच्या पाईनखाली झोपायचा आणि लिहायचा, "आज धूर नाही." नऊ वर्षं तेच वाक्य. पण जन्मात इस्त्रीला हात न लावलेला हा माणूस ते जाकीट स्वतः इस्त्री करायचा. त्याला वेगळा खिळा होता. माझ्या कपड्यांबरोबर धुवायला द्यायचा नाही, म्हणे रंग उतरेल. रंग माझ्या कपड्यांचा उतरला असता, पण ते त्याला कोण सांगणार.

योम सांगचोल आमचा गावप्रमुख. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झाला, आणि झाल्यापासून त्याचं चालणंच बदललं. रोज सकाळी सहाला घरात बसून भोंग्यावरून गावाला उठवतो. "सुत्गोलच्या ग्रामस्थांनो, पंधरा मेपर्यंत उघड्यावर आग लावू नका. पालापाचोळा नाही, तिळाची धाटं नाहीत, कचरा नाही." ग्रामस्थ एकूण एकोणीस, त्यातले सात बहिरे. आणि हा स्वतः धुक्याच्या दिवशी ग्रीनहाऊसमागे पिंपात शेतातलं काळं प्लास्टिक जाळतो. बोंगमानने एकदा त्याला ऐन वेळी गाठलं. कर्णा घेऊन गेला आणि तांदळाची दारू पिऊन परत आला. वहीत लिहिलं, "आज धुकं." दोघेही एका माळेचे मणी.

यंदा योमला पाटी हवी होती. मागच्या वसंतात ज्या गावात आग लागली नाही आणि यंदाच्या बंदीवर सगळ्यांच्या सह्या आहेत त्याला पालिका पितळेची पाटी देते, "आगमुक्त गाव". त्यासाठी त्याने जानेवारीतच घरोघर फिरून प्रतिज्ञापत्रावर सह्या घेतल्या होत्या. मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो ती पाटी कुठे लावायची त्याच्या खुणा भिंतीवर करत होता.

"वहिनी, पंधरा मेनंतर काय हवं ते जाळा," तो म्हणाला.

"एकोणपन्नासावा दिवस चार एप्रिलला आहे. त्याला निरोप धाडू का, मेपर्यंत थांब म्हणून?"

"नियम आहे."

"दोन विजारी, एक कोट, चार सदरे. पिंपात जाळीन. पाण्याच्या बादल्या घेऊन उभी राहीन."

"रानापासून शंभर मीटरच्या आत काडीसुद्धा ओढायची नाही. आणि राग मानू नका, पण भाऊंनी स्वतः सही केलीय." त्याने कपाटातून प्रतिज्ञापत्र काढून माझ्यापुढे धरलं. बोंगमानचं अक्षर होतं, घसरलेलं, नेहमीचं.

"तो कुठे जाळतोय? मी जाळतेय."

"तुमचीही सही आहे त्याच्याखाली."

"मग मोज," मी म्हणाले. "रानापासून शंभर मीटर कुठे आहे ते दाखव. तिथे नेऊन जाळते."

दरी आमची अरुंद. दोन्हीकडून रान उतरतं ते थेट परसात. योमने खरंच टेप आणली आणि अर्धा दिवस मला मागे घेऊन हिंडला. शेत झालं, रस्ता झाला, पूल झाला. शेवटी हिशेब असा निघाला की सुत्गोलमध्ये रानापासून शंभर मीटर लांब अशी एकच जागा आहे आणि ती तलावाच्या मधोमध आहे.

"मग होडी दे," मी म्हणाले.

"होडीला वेगळा अर्ज लागतो," योम म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा करायला जे लागतं ते त्याच्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी बसने पालिकेत गेले. खिडकीमागची मुलगी फार गोड बोलत होती. गोड बोलणाऱ्यांचा मला आधीपासून राग आहे, कारण त्यांच्यावर ओरडता येत नाही.

"आजी, कपडे म्हणजे ज्वलनशील घरगुती कचरा," तिने समजावलं. "पालिकेची पिशवी असते ना, वीस लिटरची? त्यात भरायचे आणि मंगळवारी दाराबाहेर ठेवायचे. गाडी घेऊन जाते."

"कुठे नेते?"

"भट्टीत. जाळतात."

"म्हणजे जाळायचेच आहेत."

"हो, पण नियमाने." तिने खणातून एक कोरी पिशवी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे केली. "ही माझ्याकडून घ्या." मग संगणकात पाहून म्हणाली, "आणि आजोबांच्या नावावर एक लाल जाकीट दिसतंय. ती सरकारी मालमत्ता आहे. तेवढी परत करा हं."

परतीच्या बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. वीस लिटर. शेहेचाळीस वर्षांच्या संसाराचं माप पालिकेने काढलं होतं. मला रडू आलं, दुःखाचं नव्हे, संतापाचं. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि नजर वळवली. संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, टाक ना पिशवीत. शहरात सगळे तेच करतात." म्हटलं, सगळ्यांचे नवरे कचरा असतील. तिने फोन ठेवला.

एप्रिल उजाडला आणि योम माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. हात मागे बांधलेले, म्हणजे काम होतं.

"वहिनी, पाटी मिळाली. चार तारखेला विभागप्रमुख प्योसाहेब स्वतः घेऊन येतायत. जेवण माझ्या मातीच्या खोलीत."

ती खोली त्याने शहरातल्या पाहुण्यांसाठी बांधलीय. जुन्या पद्धतीची, बाहेरच्या भिंतीत चूल, चुलीचा धूर जमिनीखालून फिरून पलीकडच्या धुराड्यातून निघतो आणि जमीन तापते. फक्त ती तापवता कुणाला येते? योम पेटवतो तेव्हा धूर खोलीत येतो आणि पाहुणे खोकत बाहेर येतात. गावात बाकी सगळ्यांकडे तेलाचे बॉयलर. माझे वडील कोळसा पाडायचे. आग कशी वागवायची ते मला बोलायला येण्याआधी कळत होतं, आणि हे योमला माहीत होतं.

"अजून थंडी आहे," तो म्हणाला. "साहेबांना जमीन गरम लागली पाहिजे. तेवढी तापवून द्या."

"चार तारखेला मला वेळ नाही. तुला माहीत आहे का नाही ते."

"सकाळी तुमचं उरकून या ना. वहिनी, गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

मी नाही म्हणणारच होते. मग माझ्या डोक्यात आलं.

"चुलीचं तोंड तर बाहेर आहे," मी म्हणाले. "उघड्यावरची आग नाही का ती?"

"छे. ती घराची चूल. स्वयंपाक आणि ऊब यांना बंदी नाही, कलम सहा." त्याने ते पाठ असल्यासारखं म्हटलं.

"रानापासून शंभर मीटरच्या आत असली तरी?"

"तरीही."

"आणि सरपण कुठलं घालू?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते घाला. मला त्यातलं काय कळतं?"

"तेही खरंच," मी म्हणाले.

चार तारखेला पहाटे उठून नैवेद्य केला. भात, सूप, सुकी मासळी, मुगाची धिरडी. बोंगमानच्या फोटोपुढे ठेवलं, वाकले, सगळं यथासांग. मग धिरडी टोपलीत घेतली, गाठोडं हातगाडीवर टाकलं आणि योमच्या घरी गेले. जाकीट धुऊन, इस्त्री करून वेगळ्या पिशवीत घेतलं होतं. सरकारी मालमत्ता.

आधी पाईनच्या काटक्यांनी चूल जागी केली. दोन ओंडक्यांनी पेट घेतला. मग एकेक कपडा. प्रत्येकाबरोबर नाव घ्यायचं असतं आणि काय देतोय ते सांगायचं असतं. "बोंगमान, ही तुझी सुती विजार. गुडघ्यावर ठिगळ आहे, तेवढं चालवून घे." "बोंगमान, हा लोकरीचा कोट. मुलीच्या लग्नात घातलास आणि बाहीला सूप सांडलंस." सदरे एकदम घातले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. चूल छान ओढत होती. धुराड्यातून पांढरा, विरळ धूर निघत होता आणि फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

योम घाईघाईने मागे आला. चुलीच्या तोंडातून कोटाची बाही बाहेर लोंबत होती.

"वहिनी, हे काय घालताय?"

"सरपण."

"तो भाऊंचा कोट आहे."

"कलम सहा."

त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. तो पळाला. पळतानासुद्धा त्याने केस सारखे केले.

प्योसाहेब गुटगुटीत माणूस. बरोबर पालिकेची ती गोड मुलगी आणि एक फोटोग्राफर. साहेबांना चुलीजवळच्या, सगळ्यांत गरम, मानाच्या जागी बसवलं. त्यांनी तळवे जमिनीवर टेकले आणि डोळे मिटले. "वा. अशी ऊब बॉयलरला नाही. कमरेपर्यंत चढतेय." मी धिरडी पुढे ठेवली. "आजींच्या हाताला चव आहे," म्हणून त्यांनी पाच खाल्ली. मग आगीचा धोका, नियमांचं पालन आणि सुत्गोलचा आदर्श यावर तोंडात घास असताना बोलले. योम समोर बसला होता. तो काट्यांवर बसल्यासारखा अवघडला होता आणि त्याने एकही धिरडं घेतलं नाही. साहेब माझ्या नवऱ्याच्या कोटावर बसून माझ्या नवऱ्याचा नैवेद्य खात होते, आणि हे सांगायची सोय योमला नव्हती. असला चांगला तास मी वर्षानुवर्षांत घालवला नव्हता.

जेवण झाल्यावर मी ते जाकीट दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरलं. "माझा नवरा राखणदार होता. नऊ वर्षं. परत करायला सांगितलंय."

साहेबांनी ते दोन बोटांनी उचललं, उलटसुलट पाहिलं. "अरे, हे जुन्या पद्धतीचं. यंदा नवीन आलेत, चकाकणाऱ्या पट्ट्यांचे." त्यांनी ते योमकडे दिलं. "टाका कुठेतरी."

दाराशी पालिकेची पिशवी लावून ठेवली होती, कागदी पेले आणि खरकट्यासाठी. योमने त्यात ते जाकीट कोंबलं. घडी मोडली. मुलीने जमिनीकडे पाहिलं, एवढं तिच्याबद्दल चांगलं बोलते. मग सगळे फोटोसाठी बाहेर गेले.

तोवर मला हसायला येत होतं. आता नाही आलं. त्या माणसाने आयुष्यात अभिमानाने घातलेली एकच गोष्ट, आणि तिच्यावर कॉफीचा चोथा. मी ते जाकीट पिशवीतून काढलं, अंगावरच्या एप्रनला पुसलं आणि चुलीपाशी गेले. ते अर्धं प्लास्टिक होतं. प्लास्टिकला बंदी आहे, चुलीतसुद्धा, कलम चार. मला ठाऊक होतं.

"बोंगमान," मी म्हणाले, "हे तुझं जाकीट. इस्त्री केलीय."

आतून आधी फस्‌ असा आवाज आला. मग धुराड्यातून धूर निघाला, काळा, जाड, चिकट, थेट वर. अंगणात सगळे पाटी धरून उभे होते. फोटोग्राफरचा हात थांबला. प्योसाहेबांनी मान वर केली. "हे काय जळतंय?"

योमने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या ग्रीनहाऊसमागच्या पिंपाकडे पाहिलं, नीट, सावकाश.

"चूल आहे साहेब," योम म्हणाला. "घरातली."

ते तिघे-चौघे पाटी धरून तसेच उभे राहिले आणि धूर रानाच्या वर जाऊन पांगेपर्यंत फोटो खोळंबला.

घरी येऊन मी बोंगमानची वही काढली. ती पालिकेने परत मागितलीच नव्हती, कारण ती कुणी कधी वाचलीच नव्हती. सगळी पानं एकाच वाक्याने भरलेली. मी तारीख घातली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं, "आज धूर होता."