बुवांच्या पट्टीतला तंबोरा

मित्रांनो, मी एक जुना तंबोरा आहे. वय विचारू नका, दांडीवरचं उडालेलं पॉलिश पाहिलंत की अंदाज येईल. सोलापूरच्या नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वर छोटा हॉल आहे. तिथे दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी गाण्याची सभा भरते. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. सतरंजीवर मांडी घालायची आणि ऐकायचं. त्या सभेत सगळ्यांत थोरला मीच.

माझा भोपळा भीमेकाठच्या मळ्यात वाढला. जात कडू, म्हणून कोणाच्या भाजीत गेलो नाही. मिरजेच्या कारागिरांनी मला वाळवलं, कोरलं, दांडी जोडून चार तारा चढवल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पुढे ही सभा सुरू करणाऱ्या बुवांनी मला सोलापुरात आणलं. बुवा दिवसा मागावर चादरी विणायचे आणि संध्याकाळी गायचे. माझी गवसणीसुद्धा त्यांनी आपल्या हाताने विणलेल्या चादरीची शिवून घेतली. त्यांचा आवाज भारदस्त, खालच्या सुरात घुमणारा. पेटीवरच्या काळी एकचा सूर हा त्यांचा 'सा', तीच त्यांची पट्टी. माझ्या जाड तारा त्याच सुरात लागायच्या. बुवा गातात की तंबोरा तेच कळत नाही, असं लोक म्हणायचे, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचो.

बुवा गेले आणि त्यांचे शिष्य राजशेखर सर मुलांना शिकवू लागले. सर मोठे भाविक. माझी तार तुटली तर तशीच जाड तार आणायचे. "ही बुवांची पट्टी," असं म्हणून कानाची पाळी धरायचे. मग मुलगा असो की मुलगी, सगळ्यांनी काळी एकमध्येच गायचं. मुलींचे कोवळे गळे तेवढे खाली उतरायचे नाहीत. त्या ओढून ताणून गायच्या, घसा बसायचा, आणि एकेक करून त्या येईनाशा झाल्या. आजकालच्या मुलांना चिकाटी नाही, असं सर म्हणायचे. मला खरं कारण कळत होतं, पण तंबोऱ्याला विचारतो कोण?

मग ऋतुजा आली. तिचे वडील जोतीराम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी ते तिला मोटारसायकलवरून आणून सोडायचे. शिकवणीआधी ती मला मऊ फडक्याने पुसायची आणि पुसताना गुणगुणायची, ते वरच्या, तिच्या स्वतःच्या सुरात. किती मोकळा आवाज! पण शिकवणी सुरू झाली की तोच आवाज घोगरा व्हायचा. येत्या सभेत तिचं पहिलं गाणं ठरलं होतं. सभेच्या आदल्या दिवशी तालमीत खालचा सूर काही केल्या लागेना आणि तिला रडू फुटलं.

तिला न्यायला आलेले जोतीराम दारातूनच म्हणाले, "सर, घरी ही लई झ्याक गाती. हितं आली की आवाजच बसतो. न्हाय जमत तर ऱ्हाऊ द्या. उगं पोरीला रडवायचं नको. उद्यापासनं न्हाय आणत."

ऋतुजा मला गवसणी घालू लागली. माझा जीव कासावीस झाला.

कोपऱ्यात बुवांच्या पत्नी सावित्रम्मा उद्याच्या सभेसाठी हार ओवत बसल्या होत्या. त्यांनी सुई खाली ठेवली.

"राजशेखर, बुवांचा सदरा या पोरीला होतंय का?"

"कसा होईल, अम्मा?"

"मग बुवांची पट्टी कशी होतंय? तिचा गळा बघून तारा लाव की."

"पण अम्मा, बुवांचा सूर..."

"बुवांचा सूर बुवांबरोबर गेला रे," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "हा तंबोरा त्यांनी पोरांनी गावं म्हणून आणला."

खरं सांगतो, मलाही भीती वाटली. त्या जाड तारांबरोबर बुवा माझ्यातून कायमचे जातील, असं वाटलं. सरांनी हात जोडून जुन्या तारा उतरवल्या आणि बारीक तारा चढवल्या. खुंट्या कुरकुरल्या. "बाळ, तुझा सा दे," ते ऋतुजाला म्हणाले. तिने दिला. त्यांनी मला हळूहळू तिथपर्यंत नेलं, आणि मी असा घुमलो की माझं मलाच नवल वाटलं.

रविवारी ऋतुजा गायली. जोतीराम बसा म्हटलं तरी बसेनात, भिंतीला टेकून उभेच राहिले. सावित्रम्मांनी पदर डोळ्यांना लावला. आणि मला वाटलं, बुवा असते तर आज 'वाहवा' म्हणणारे पहिले तेच असते.

त्या अम्मांमुळे मी आज पुन्हा कामाचा आहे. आता सर कोणालाही शिकवण्याआधी त्याचा सूर विचारतात. सोडून गेलेल्या दोन मुली परतही आल्या. मित्रांनो, आम्हाला पुसा, गवसणी घाला, उन्हापासून जपा. पण आम्हाला जपता जपता कोणाचा गळा बिघडवू नका. तार तुटली तर बाजारात दुसरी मिळते.